पाठीवरची पहिली

एका जंगलात पहिलीचा वर्ग होता.

जंगलात वर्ग कसा, असं विचारू नका, बाळांनो. मी सांगतोय, तुम्ही ऐकताय. मध्येच बोट वर करायचं नाही. ज्याला शू लागली असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. आणि तुमच्या मागे जे मोठे लोक उभे आहेत, त्यांनी कृपा करून खाली बसावं. गोष्ट मुलांसाठी आहे.

तर वर्ग होता. टेकडीच्या पायथ्याशी, एका जुन्या जांभळीखाली. भिंती नव्हत्या, बाकं नव्हती. बाई होत्या. त्यांचं नाव साळूबाई. जातीनं साळिंदर. अंगभर काटे. बाई रागावल्या की काटे उभे राहत, म्हणून पालक त्यांच्याशी चार हात लांबूनच बोलत. मुलं मात्र जवळ जाऊन बसत, कारण मुलांवर बाई फारशा रागवत नसत.

वर्गाचा नियम एकच होता. शाळेच्या वेळात कोणी कोणाला खायचं नाही. शाळा सुटल्यानंतरची जबाबदारी शाळेची नव्हती.

पहिली पास झालं की ओढ्यापलीकडे दुसरीच्या वर्गात जायचं. तिथं घोरपड गुरुजी होते. त्यांच्याबद्दल नंतर सांगीन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही घाबराल आणि मग तुमच्या आया मला बोलतील.

त्या जंगलात कौतिक नावाची एक अस्वलीण राहायची. नवऱ्याचं नाव धोंडबा. त्यांचा मुलगा झिपरू. झिपरूला यंदा पहिलीत घालायचं होतं.

आता अस्वलांची एक रीत असते, ती नीट ऐका. पिल्लू लहान असतं तोवर आईच्या पाठीवर बसून हिंडतं. मुठीत आईचे केस धरायचे आणि बसायचं. आई नखांनी वारूळ फोडते, आतली वाळवी काढते, आपण खाते, पिल्लाला भरवते. मग एक दिवस आई पाठ झटकते. पिल्लू धप्पदिशी खाली पडतं. थोडं रडतं. इकडेतिकडे बघतं. आणि भूक लागली की आपलं वारूळ आपण फोडायला शिकतं. असं आजवर सगळ्या अस्वलांचं झालेलं आहे आणि कोणाचं काही वाकडं झालेलं नाही.

कौतिकनं अजून पाठ झटकली नव्हती.

म्हणजे झटकणार होती. उन्हाळ्यातच झटकायची होती, पण ऊन फार होतं. पावसाळ्यात सगळीकडे चिखल. थंडीत झिपरूला एकदा शिंक आली. आता तर काय, पहिलीचं वर्ष. अशा वर्षी कुठं प्रयोग करायचे?

झिपरूच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. त्याला एक वारूळ फोडायचं होतं. स्वतः. आईच्या पाठीवरून त्यानं शेकडो वारुळं फुटताना पाहिली होती. नख कुठं घालायचं, माती कुठं ठिसूळ असते, फुंकर कधी मारायची, सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याची स्वतःची नखंही चांगली लांब झाली होती. पण त्या नखांना अजून माती लागली नव्हती.

"आई, मला उतरू दे ना," तो म्हणायचा.

"हो रे राजा, उतरवते. एवढं होऊ दे," कौतिक म्हणायची.

ते एवढं कधी होत नसे.

शाळा सुरू व्हायच्या आधी साळूबाईंनी पालकसभा बोलावली. सगळे पालक आले. वाघोजी आला. नावावर जाऊ नका, वाघोजी ससा होता. त्याची मुलगी येसू यंदा पहिलीत जाणार होती. हौसाबाई कोल्हीण आली, तिच्या भागूला घेऊन. माकडीण आली, मोर आला. सगळे पुढच्या रांगेत बसायला बघत होते, त्यामुळे मागची रांग झालीच नाही.

साळूबाई म्हणाल्या, "पालकांनी पहिलीच्या वर्षाबद्दल काय माहिती करून घ्यावी, ते सांगते."

सगळ्यांनी कान टवकारले. वाघोजीचे आधीच टवकारलेले होते.

"मुलाला जांभळीपर्यंत सोडा आणि घरी जा. ते रडेल. तुम्हीही रडाल. वळून बघू नका. घरी आल्यावर आज काय शिकवलं असं विचारलंत तर ते म्हणेल, काही नाही. ते खरं नसतं, पण खोदून विचारू नका. काही दिवस ते दमून जेवणातच झोपेल. वस्तू हरवून येईल. कोणाशी तरी भांडेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच गळ्यात गळा घालून घरी येईल. तो कोण, हे तुम्हाला आवडेलच असं नाही. चुका करेल. त्या त्याच्या चुका आहेत, त्याला करू द्या. वर्षाच्या शेवटी परीक्षा एकच. सकाळी टेकडीवर जायचं, ज्यानं त्यानं आपलं खाणं आपण शोधून खायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. जमलं की दुसरीत. झालं."

पालक पुढचं ऐकायला थांबले.

"एवढंच?" कौतिकनं विचारलं.

"एवढंच."

पालकांचा फार विरस झाला. काही जण तर घरून तयारी करून आले होते. वाघोजीनं प्रश्न पाठ केले होते, ते आता कुठं विचारायचे?

परतीच्या वाटेवर हौसाबाईनं कौतिकला गाठलं. हौसाबाई कोल्हीण म्हणजे जंगलातली बातमी. ती गोड बोलायची, आणि ती बोलून गेली की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं.

"कौतिकताई, ऐकलंत ना? खाणं शोधायचं म्हणे. अहो, पलीकडच्या रानात पहिलीतली पोरं मधाचं पोळं उतरवतात."

"काय सांगता?"

"तर काय. पाया महत्त्वाचा असतो, ताई. पहिलीत जो मागे पडला तो मागेच. तुमचं झिपरू अजून पाठीवरच का? नाही, मी आपलं सहज विचारते."

त्या दिवशी कौतिकला वाळवी गोड लागली नाही.

घरी तिनं धोंडबाला सगळं सांगितलं. धोंडबा पाठ खाजवत ऐकत होता. झाडाला पाठ लावून खाजवणं हा त्याचा आवडता उद्योग.

"अगं, आमच्या आईनं मला वारुळापाशी टाकलं आणि ती चालती झाली," तो म्हणाला. "शिकलो की नाही मी?"

"म्हणूनच तुम्ही असे राहिलात," कौतिक म्हणाली.

यावर धोंडबा दुसऱ्या झाडाकडे गेला.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. कौतिक झिपरूला पाठीवर घेऊन जांभळीखाली आली आणि तिथंच बसली.

"कौतिकबाई, त्याला खाली उतरवा आणि तुम्ही निघा," साळूबाई म्हणाल्या.

"निघतेच. जरा रुळू दे त्याला. चार दिवस बसते मी, कोपऱ्यात. तुम्हाला कळणारसुद्धा नाही मी आहे ते."

अस्वल कोपऱ्यात बसलं आणि कळलं नाही, असं आजवर कधी झालंय का, तुम्हीच सांगा. पण साळूबाई नवीन वर्षाच्या सुरुवातीला कोणाचं मन मोडत नसत. ही त्यांची चूक झाली. बाईंच्याही चुका होतात, बाळांनो, पण हे उद्या शाळेत बोलू नका.

साळूबाईंनी विचारलं, "कावळ्याला पाय किती?"

कौतिकनं हात वर केला. "झिपरू म्हणतोय दोन."

झिपरू काही म्हणाला नव्हता. तो येसूच्या कानांकडे बघत होता.

"पाण्यात राहतो आणि जमिनीवरही राहतो, तो कोण?"

"झिपरू म्हणतोय बेडूक."

बरोबर उत्तर आलं की साळूबाई पळसाचं एक फूल मुलाच्या कानावर खोवत. झिपरू आईच्या पाठीवर उंच बसलेला. बाईंचा हात पोचेना. म्हणून त्यांनी फूल कौतिकच्या कानावर खोवलं. कौतिक त्या दिवशी घरी जाताना ओढ्यात तीनतीनदा आपलं तोंड बघून गेली. तिला लहानपणी कोणी फूल खोवलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई भागूला पाठीवर घेऊन आली.

कोल्ह्यांत अशी रीत नाही. भागू सारखा घसरत होता आणि आईची शेपटी दातात धरून लोंबकळत होता. पण हौसाबाई बसली ती बसली. तिसऱ्या दिवशी वाघोजी येसूला पाठीवर घेऊन आला. येसू जवळजवळ बापाएवढी. समोरून बघणाऱ्याला चार कानांचा एक लांबोडका ससा दिसायचा.

"आपल्यात कुठं असतं असलं काही?" वाघोजीच्या बायकोनं त्याला विचारलं होतं.

"आपल्यात नसेल, वर्गात आहे ना," वाघोजी म्हणाला होता.

माकडिणीनं आपलं पोर पोटावरून काढून पाठीवर घेतलं. मोराला मात्र जमेना. त्याची पोरं पिसाऱ्यावरून घसरत जमिनीवर यायची आणि पळून जायची. मोराला याची मनस्वी लाज वाटे.

पंधरवड्यात सगळा वर्ग असा झाला. खाली पालक, वर मुलं. खाली अभ्यास चाललेला असायचा. वर सगळा आनंदीआनंद. झिपरू आणि येसू वरच्या वर गप्पा मारत.

"तुझे बाबा आज रडले का?" झिपरूनं विचारलं.

"रडले. त्यांना काल फूल मिळालं नाही."

"माझी आई झोपेत उत्तरं देते."

"मला खाली उतरून उड्या मारायच्यात," येसू म्हणाली. "तुला रे?"

"मला वारूळ फोडायचंय," झिपरू म्हणाला. "एकच. लहानसंसुद्धा चालेल."

गृहपाठाचं तर विचारूच नका. साळूबाईंनी एकदा सांगितलं, उद्या येताना प्रत्येकानं एक पान आणा. झालं. सगळ्या जंगलात धावपळ. हिरवं आणायचं की पिवळं? देठासकट की देठाशिवाय? माकडीण शेंड्यावर बसून एकाचा प्रश्न दुसऱ्याला ओरडून सांगायची. उत्तर आलं की प्रत्येकानं "कळलं, कळलं" असं ओरडायचं, अशी पद्धत पडली. एकानं ओरडून दुसरा गप्प राहिला तर बरं दिसत नाही, म्हणून सगळेच ओरडायचे. संध्याकाळी वाघाचा डोळा लागेनासा झाला.

सकाळी वाघोजीनं एक पान आणलं, धुऊन पुसून. कौतिकनं फांदी आणली. हौसाबाईनं मुळासकट रोप आणलं आणि "भागूनं हट्टच धरला" असं सांगितलं. भागू त्या वेळी झोपला होता. वाघोजी आपलं एकुलतं पान पाठीमागे लपवून उभा राहिला. त्याला वाटलं, आपण बाप म्हणून कमी पडलो.

साळूबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. एकदा त्यांनी सगळे काटे उभे केले आणि म्हणाल्या, "पुरे झालं. पालकांनी आता घरी जायचं."

पालक घाईघाईनं चार हात मागे सरकले आणि तिथं बसले. काटे आडवे झाले तसे पुन्हा पुढे सरकले. बाईंनी हे पुष्कळदा करून पाहिलं. शेवटी त्यांची पाठ दुखायला लागली.

असं करत वर्ष सरलं. जांभळीला मोहर आला आणि परीक्षेचा दिवस ठरला.

"परीक्षेला मुलं एकटी जातील," साळूबाईंनी जाहीर केलं. "पालक इथंच थांबतील."

मग जो गलका झाला तो विचारू नका. वाट काट्याची आहे, टेकडीवर वारा असतो, येसूला उंच गवतातलं दिसत नाही, भागूचं पोट नाजूक आहे. शेवटी कौतिक म्हणाली, "बाई, आम्ही नुसतं पाठीवरून वर नेतो. खाणं ज्याचं त्यानं शोधायचं. आम्ही हातसुद्धा लावणार नाही."

"हातसुद्धा लावणार नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. वचन."

साळूबाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण मी बघायला येणार. आणि जो खाणं शोधेल तोच पास. हे नीट ध्यानात ठेवा."

"हो, हो, कळलं," सगळे म्हणाले.

सकाळी सगळे टेकडीवर गेले. कौतिकनं एक चांगलं, मऊ मातीचं वारूळ आधीच हेरून ठेवलं होतं. त्याच्यापाशी ती थांबली. इकडेतिकडे बघितलं. आणि तिनं झिपरूला खाली उतरवलं.

झिपरूचे पाय जमिनीला टेकले. त्याला जरा विचित्र वाटलं. जमीन थंड होती आणि ती हलत नव्हती. तो दोन पावलं चालला, पडला, उठला. मग वारुळासमोर जाऊन उभा राहिला. वरून ते एवढं मोठं कधी दिसलं नव्हतं.

त्यानं एक नख घातलं. खर्र. थोडी माती पडली.

त्यानं आईकडे बघितलं. कौतिक दोन्ही हात मागे बांधून उभी होती. झिपरूनं पुन्हा नख घातलं. पुन्हा थोडी माती. माती नाकात गेली. तो शिंकला. कौतिकचा हात पुढे आला आणि तिनं तो परत मागे नेला. तिनं खरंच प्रयत्न केला, बाळांनो, हे मी तिच्या बाजूनं सांगतो.

झिपरूला मजा यायला लागली होती. हळूहळू एक बोटभर भोक पडलं. आत काहीतरी पांढरं वळवळत होतं.

तेवढ्यात खालच्या वाटेनं हौसाबाई आली. तोंडात धरलेला खेकडा तिनं खाली ठेवला. पाठीवर भागू पेंगत होता.

"आमचं झालं हो," ती म्हणाली. "तुमचं चाललंय का अजून? चालू द्या, चालू द्या. घाई कसली?"

आणि खेकडा उचलून ती गेली.

कौतिकनं वर बघितलं. ऊन चढत होतं. झिपरूनं भोकाशी तोंड नेलं होतं, पण ते लहान होतं, त्याचं तोंड आत जात नव्हतं. तो पुन्हा खरवडायला लागला. सावकाश. फारच सावकाश.

"सरक जरा," कौतिक म्हणाली. "मी फक्त दाखवते."

"आई, माझं होतंय."

"हो रे राजा. फक्त भोक मोठं करून देते."

तिनं त्याला बाजूला केलं आणि एक पंजा मारला. पुढं तिला थांबता आलं नाही. बघता बघता अर्धं वारूळ मोकळं झालं. सवयीप्रमाणे तिनं थोडी वाळवी स्वतः खाल्ली आणि थोडी झिपरूच्या तोंडात घातली.

झिपरूनं ती गिळली नाही. तो तोंड मिटून उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की रडूसुद्धा आलं नाही. मग तो आईच्या पाठीवर चढला आणि त्यानं तिचे केस मुठीत धरले.

साळूबाई मागच्या खडकावरून हे बघत होत्या. त्यांनी पलीकडे वाघोजीलाही बघितलं. तो येसूला पाठीवर घेऊन गवत उपटत होता आणि वर तोंड करून तिला "गोड आहे ना?" असं विचारत होता. माकडीण झाडावर फळं तोडत होती. मोर किडे टिपत होता आणि आपली पोरं कुठं आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाई टेकडी उतरून खाली आल्या. त्यांचे काटे उभे नव्हते. उलट त्या मनाशी हसत होत्या, आणि बाई मनाशी हसत असल्या की समजावं, काहीतरी ठरलं आहे.

दुपारी जांभळीखाली निकाल लागला.

"कौतिक, पास," साळूबाई म्हणाल्या. "हौसा, पास. वाघोजी, पास, काठावर. माकडीण, पास. मोर, पास. हुशार वर्ग आहे हो. वर्षभर एक दिवस कोणी चुकवला नाही, गृहपाठ सगळा वेळेवर. इतका मन लावून अभ्यास करणारा वर्ग मला आजवर मिळाला नव्हता."

पालकांनी जल्लोष केला. मोहाची फुलं वाटली गेली. वाघोजीला हुंदका आवरेना. त्याच्या घराण्यात कोणी दुसरीत गेलेलं नव्हतं. कौतिकच्या कानावर बाईंनी पळसाचा अख्खा तुरा खोवला. हौसाबाईनं आपला तुरा तिच्या तुऱ्याशी लावून बघितला.

मग कौतिकला आठवण झाली. "आणि झिपरू?"

"तो परीक्षेला बसलाच कुठं?" साळूबाई म्हणाल्या. "मी स्वतः बघितलं. एकाही मुलानं काही शोधलं नाही. त्यांची पहिली अजून व्हायची आहे. सोमवारपासून मी सुरू करते."

"म्हणजे आम्ही दुसरीत आणि ती पहिलीत?"

"पास झालेल्याला मला खाली बसवता येत नाही. नियम आहे."

"मग त्याला सोडायला कोण येणार? त्याच्यापाशी कोण बसणार?"

"तुम्हाला कसं जमेल?" बाई म्हणाल्या. "दुसरीची वेळ तीच आहे. ओढ्यापलीकडे. आणि घोरपड गुरुजी पाठीवर कोणाला आणू देत नाहीत."

आता सांगतो गुरुजींबद्दल. घोरपडीनं एकदा धरलं की ती सोडत नाही. गुरुजीही तसेच. त्यांच्या वर्गात बसलेलं कोणी शाळा सुटेपर्यंत उठत नसे.

कौतिकची तगमग झाली. "मला नको दुसरी," ती म्हणाली. "मी आपली पहिलीतच बसते. झिपरूपाशी."

"तुमची मर्जी," साळूबाई म्हणाल्या. "तुमच्या नावापुढे नापास लिहिते मग."

कौतिक विचारात पडली. तेवढ्यात हौसाबाई तिच्या कानाशी आली. "ताई, मी दुसरीची चौकशी करून ठेवली आहे. पहिला महिना फार महत्त्वाचा असतो म्हणे. तो बुडला की गेलं. तुम्ही येणार नसाल तर राहू दे. सगळ्यांना झेपतंच असं नाही."

कौतिकनं झिपरूला पाठीवरून खाली ठेवलं. "नीट राहा हं," ती म्हणाली. "ऊन लागलं की सावलीत बस. नाकात माती घालू नकोस. येसूशी भांडू नकोस."

"बरं," झिपरू म्हणाला. तो आत्तापर्यंत कधी एवढ्या लवकर बरं म्हणाला नव्हता.

सोमवारी सकाळी धोंडबानं त्याला जांभळीपर्यंत आणलं. पाठीवर नाही, शेजारून. मुलगा तीन ठिकाणी पडला, बापानं तीन वेळा दुसरीकडे बघितलं. जांभळीपाशी पोचल्यावर धोंडबानं तिच्या खोडाला पाठ लावून एकदा मनसोक्त खाजवलं आणि तो घरी गेला. वळून बघितलं नाही. बघायचं होतं त्याला, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि अस्वलाच्या डोळ्यांतलं पाणी मुलांनी बघू नये असं त्याला वाटलं.

वर्गात सगळी मुलं जमिनीवर होती. येसू उड्या मारत होती. भागू कोणाच्या तरी शेपटीशी भांडत होता. मोराची पोरं परत आली होती.

"आज काय शिकवणार, बाई?" झिपरूनं विचारलं.

"आज मला जरा डुलकी घ्यायची आहे," साळूबाई म्हणाल्या. "गेलं वर्ष फार दगदगीचं गेलं. तुम्ही टेकडीपर्यंत जाऊन या."

झिपरूला एक वारूळ सापडलं. लहानसं, कडक मातीचं, आईनं कधी निवडलं नसतं असं. त्यानं नख घातलं. माती निघाली नाही. दुसरीकडे घातलं. नख दुखलं. येसू शेजारी बसून बघत होती. ती मध्ये बोलली नाही, कारण तिला गवत खायचं होतं. झिपरू खरवडत राहिला. नाकात माती गेली, तो शिंकला, पुन्हा खरवडलं. ऊन चांगलंच वर आलं तेव्हा कुठं त्याचं तोंड आत गेलं.

"कसं लागतंय?" येसूनं विचारलं.

"मातीसारखं," झिपरू म्हणाला. आणि त्यानं पुन्हा तोंड घातलं.

ओढ्यापलीकडून ते वारूळ स्पष्ट दिसत होतं. कौतिक दुसरीच्या वर्गात पहिल्या रांगेत बसली होती. तिनं झिपरूला बघितलं. त्यानं चुकीच्या बाजूनं भोक पाडलं होतं. ते सांगायला ती उठू लागली.

"कौतिक," घोरपड गुरुजी म्हणाले, "लक्ष कुठं आहे?"

कौतिक खाली बसली. थोड्या वेळानं तिनं गुपचूप आपली पाठ एकदा झटकली. तिच्यावर कोणीच नव्हतं.

गोष्ट संपली. आता घरी जा. आणि मागे जे मोठे लोक उभे आहेत, त्यांनी जरा थांबावं.

तात्पर्य : पालकांनो, पहिलीचं वर्ष अतिशय महत्त्वाचं असतं. त्या वर्षी मन लावून अभ्यास करा, गृहपाठ चुकवू नका, आणि काहीही करून पास व्हा. तुम्ही पास होऊन पुढे गेल्याशिवाय मुलांना पहिलीत बसायला जागा होत नाही.